इंडेक्स केलाय, तरी उधारी शोधायला वेळ का लागतो?

काउंटरवर गिऱ्हाईक उभं, मागे चार जण, आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. मोबाइल नंबरवर इंडेक्स केलेला असूनही! माझ्याच दुकानात हे झालं, तेही ऐन दिवाळीत. "राहू द्या, नंतर देतो," म्हणत एक जण उधारी न देताच गेला. त्या रात्री शटर ओढून मी कारण शोधत बसलो.

जुनी खतावणी आठवा. सुरुवातीला नावांची यादी, समोर पान नंबर. नाव माहीत असेल तर थेट पान उघडायचं, नाहीतर अख्खी वही चाळायची. इंडेक्स म्हणजे ती यादी. पण ती वापरायची की वही चाळायची, हे डेटाबेस तुम्हाला न विचारता ठरवतो.

मग आपणच विचारायचं. माझा डेटा एसक्यूलाइटमध्ये आहे. तिथे क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन' लिहा. क्वेरी चालत नाही, फक्त ती कशी चालेल ते कळतं. उत्तरातला पहिला शब्द बघा. 'सर्च' असेल तर तो थेट हव्या त्या नोंदींकडे जातोय. 'स्कॅन' असेल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतोय. 'स्कॅन'पुढे 'युझिंग कव्हरिंग इंडेक्स' दिसलं तरी खूश होऊ नका. वहीऐवजी अख्खी यादी चाळली, एवढंच.

माझ्याकडे आलं 'स्कॅन'. कारण काय, तर आम्ही नंबरचे शेवटचे 4 आकडे टाकून शोधायचो. क्वेरीत 'लाइक', आणि आकड्यांच्या आधी टक्क्याचं चिन्ह. आता सांगा, आडनावांची यादी अकारविल्हे लावलीय आणि मी म्हटलं, शेवटी 'कर' असलेले सगळे काढा. यादीचा उपयोग किती? शून्य! जोशी कुठे हे ती पटकन सांगेल, 'कर'वाले सगळीकडे विखुरलेले.

उपाय सोपा निघाला. 'सबस्ट्रिंग' फंक्शनने काढलेल्या शेवटच्या 4 आकड्यांवरच दुसरा इंडेक्स केला आणि क्वेरीतही अगदी तीच मांडणी लिहिली. तशीच लिहायची हं, नाहीतर इंडेक्स ओळखला जात नाही. पुन्हा प्लॅन बघितला, 'सर्च' आलं. दोघांचे आकडे सारखे निघाले तर नाव बघून निवडतो.

महिन्याच्या विक्रीतही हाच घोळ असतो. तारखेतून महिना कापून तुलना केली, तर तारखेचा साधा इंडेक्स कामाला येत नाही. 1 तारखेपासून पुढच्या महिन्याच्या 1 तारखेच्या आधीपर्यंत, असं मागा.

म्हणून दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स ठोकू नका. प्रत्येक नव्या बिलाला ती यादीही लिहावी लागते.

आणि पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनो, जपून! तिथलं साधं 'एक्स्प्लेन' फक्त प्लॅन दाखवतं, पण 'एक्स्प्लेन ॲनलाइज' क्वेरी खरोखर चालवतं. 'डिलीट'च्या पुढे लावलंत, तर नोंदी गेल्याच समजा. तसं करायचंच असेल, तर आधी 'बिगिन' आणि बघून झालं की 'रोलबॅक'.