भिंत नसलेले गावकूस

शहरातल्या धुराला आणि गर्दीला कंटाळलेल्या पैसेवाल्या माणसाचे स्वप्न सगळीकडे सारखेच असते. खेड्यातली मोकळी हवा, बंगल्याभोवती हिरवळ, मुलांना चांगली शाळा. नोकरी मात्र शहरात. अमेरिकेत अशी गावे पुष्कळ आहेत. सकाळी मोटारीने शहरात जायचे आणि संध्याकाळी झाडांच्या सावलीत परतायचे. त्या सुखाबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की अशा गावात कोणी राहायचे हे कोण ठरवते?

न्यू जर्सी राज्यातील माउंट लॉरेल हे असेच एक गाव. विस्तार सुमारे २२ चौरस मैल. कॅमडेन हे कारखान्यांचे शहर तिथून ७ मैलांवर, आणि फिलाडेल्फियाला जाणारा मोठा पूल १० मैलांच्या आत. १९५० साली गावची वस्ती अवघी २,८१७ होती. बाकी सगळी शेतीवाडी. पुढे हमरस्ते झाले, शहरातले नोकरदार येऊन बंगले बांधू लागले आणि १९७० साली वस्ती ११,२२१ वर गेली.

पण त्याआधी गाव ओसाड नव्हते. स्प्रिंगव्हिल नावाच्या भागात कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. गरिबी इतकी, की काहींनी कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांतच संसार थाटले होते. नगरपालिकेने ही मोडकी घरे राहण्यास अयोग्य ठरवून बंद करायला सुरुवात केली. बदल्यात दुसरे घर मात्र दिले नाही. ज्यांचे आजे-पणजे त्या मातीत राबले, त्यांना कॅमडेनच्या झोपडपट्टीची वाट धरावी लागली.

एथेल लॉरेन्स या स्प्रिंगव्हिलच्याच. लेकुरवाळी बाई. आपली मुले मोठी झाल्यावर याच गावात राहू शकतील का, ही त्यांची चिंता होती. त्यांनी शेजाऱ्यांना एकत्र केले आणि सरकारी मदतीतून ३६ साध्या घरांची योजना पुढे आणली. १९७० च्या ऑक्टोबरात एका रविवारी नगराध्यक्ष या लोकांच्या छोट्या चर्चमध्ये आले. तुम्हाला या गावात राहणे परवडत नसेल तर तुम्हाला गाव सोडावे लागेल, असे त्यांनी सर्वांसमोर सांगून टाकले.

आता यातली मेख पाहा. कृष्णवर्णीयांनी इथे राहू नये असे गावाच्या नियमांत कुठेही लिहिलेले नव्हते. तसे लिहिण्याची सोयही नव्हती. वर्णावरून वस्त्या वेगळ्या करणारे नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ सालीच बेकायदा ठरवले होते. म्हणून नियम जमिनीचा केला. राहण्याच्या सर्व विभागांत एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचे सुटे घर बांधायचे, चाळ किंवा फ्लॅट नाही. एका मोठ्या विभागात तर प्लॉट किमान अर्ध्या एकराचा हवा. मजुराने अर्धा एकर आणायचा कुठून?

मोठ्या बिल्डरांना काही वसाहतींत फ्लॅट बांधू दिले, पण तेही बहुतांशी एका झोपायच्या खोलीचे. त्या घरात शाळेत जाणारे मूल राहता कामा नये, दोन खोल्यांच्या घरात दोनपेक्षा जास्त नकोत, अशा अटी होत्या. दर १० घरांमागे शाळकरी मुले ३ पेक्षा अधिक झाली, तर जादा मुलांच्या शिक्षणाचा खर्च बिल्डरने भरायचा. कारण तिथल्या शाळा मुख्यतः घरपट्टीवर चालतात. लहान घराची घरपट्टी थोडी आणि मुले जास्त, म्हणजे गावाला तोटा! आमच्या वाचक भगिनींनी विचार करावा. आईच्या कडेवरचे मूल हा गावाच्या हिशेबात खर्चाचा आकडा झाला होता.

एथेलबाई घाबरल्या नाहीत. कॅमडेनच्या गरिबांसाठी काम करणाऱ्या तरुण वकिलांच्या मदतीने १९७१ साली खटला भरला गेला. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वाढत्या गावाने आपल्या परिसरातील गरिबांच्या घरांचा रास्त वाटा उचललाच पाहिजे. गावाने काय करावे? १४,००० एकरांपैकी जेमतेम २० एकर काढून दिले, त्यातही एक तुकडा कारखान्यांच्या पट्ट्यात, दुसरा बराचसा दलदलीचा. पुन्हा कोर्ट. १९८३ साली न्यायालयाने अधिक कडक निकाल दिला. १९८५ साली राज्याने कायदा केला, पण त्यात पळवाट ठेवली. श्रीमंत गावाने आपल्या वाट्यातील निम्म्यापर्यंत घरे पैसे मोजून दुसऱ्या शहराच्या गळ्यात घालावीत! ही पळवाट २००८ साली बंद झाली.

एथेलबाई १९९४ साली वारल्या. त्यांनी मागितलेले एकही घर तोवर उभे राहिले नव्हते. १९९७ साली गावाची परवानगी मिळाली आणि २००० च्या अखेरीस पहिली कुटुंबे राहायला आली. आज तिथे भाड्याची १४० घरे आहेत आणि वसाहतीला एथेल लॉरेन्स यांचेच नाव आहे.

घरे होण्यापूर्वी ओरड होती, की चोऱ्या वाढतील, बंगल्यांच्या किमती पडतील, घरपट्टी भडकेल. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २०१३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. तिन्हींतले काहीच घडले नव्हते. शेजारच्या कित्येकांना तर अशी वसाहत आपल्याजवळ आहे हेच माहीत नव्हते. उलट तिथे राहायला आलेल्यांची कमाई वाढली, मनावरचा ताण उतरला आणि मुलांना अभ्यासाला निवांत जागा मिळाली.

गावकूस म्हणजे काय हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पण ते दरवेळी दगडमातीचेच असते असे नाही. ते नगरपालिकेच्या नकाशावर, प्लॉटच्या मापातही असते, आणि तिथे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आपल्या गावाचा, शहराचा विकास आराखडा हरकतींसाठी लागला, की चार जणांनी जाऊन तो जरूर पाहावा. आपली वस्ती त्यात कोणत्या रंगात दाखवली आहे, घर बांधायला किमान किती जागा मागितली आहे, हे विचारून घ्यावे आणि हरकत लेखी द्यावी. स्प्रिंगव्हिलच्या एका बाईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न्यू जर्सीतील प्रत्येक गावाला आजही द्यावे लागते.