विश्लेषण : काळी माती तयार कशी होते? ती वाहून का जाते?

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की ओढे-नाले गढूळ होतात. पाण्याला आलेला तो रंग कुणाच्या तरी शेतातल्या मातीचा असतो. महाराष्ट्रातील कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी ज्या काळ्या मातीवर उभी आहेत, ती कशी तयार झाली आणि ती टिकवण्यासाठी काय करता येईल?

काळी माती आली कुठून?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. हा खडक म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. ऊन, पाऊस, झाडांची मुळे आणि सूक्ष्मजीव यांच्यामुळे तो झिजतो. कमी पावसाच्या पठारी भागात त्यातून चिकणमाती असलेली काळी जमीन तयार झाली. कोकणातील मुसळधार पावसात मात्र खडकातील अनेक क्षार धुऊन गेले, लोह व अ‍ॅल्युमिनियम उरले आणि जांभा तयार झाला.

मातीचे थर कोणते?

विहीर खोदताना हे थर स्पष्ट दिसतात.
• वरचा थर : कुजलेला पालापाचोळा, गांडुळे, जिवाणू आणि पिकाची बहुतांश मुळे इथेच असतात.
• मधला थर : वरून झिरपलेली चिकणमाती व क्षार इथे साचतात.
• मुरूम : अर्धवट झिजलेला खडक.
• कातळ : मूळ खडक.

काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. वरची माती भेगांतून खाली पडते. त्यामुळे तिचे वरचे थर एकमेकांत मिसळतात.

नुकसान किती मोठे?

देशात दरवर्षी हेक्टरी सरासरी १६ टन मातीची धूप होते, असा १९८३ मधील अंदाज आजही आधार मानला जातो. एक हेक्टरवरील एक मिलिमीटर जाडीच्या थराचे वजन साधारण १३ टन भरते. म्हणजे वर्षाला एक मिलिमीटरहून जास्त थर जातो. याउलट, दोन-तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला हजार वर्षेही लागू शकतात, असे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. या हिशेबाने एका वर्षात गेलेली माती भरून यायला किमान ४० वर्षे लागतील. शिवाय आधी जातो तो वरचा, सर्वात कसदार थर. मग खताचा खर्च वाढतो आणि उत्पादन घटते.

उपाय काय?

• उताराला आडवी नांगरट व पेरणी : उताराच्या दिशेने नांगरल्यास प्रत्येक तास म्हणजे पाण्याची नाली ठरते.
• रुंद वरंबा-सरी : सरीत ओल मुरते आणि जास्तीचे पाणी संथपणे बाहेर पडते.
• माथा ते पायथा उपचार : डोंगरउतारावर सलग समतल चर, शेतात बांधबंदिस्ती आणि ओढ्यात दगडी बांध, याच क्रमाने. माथा मोकळा सोडला तर खालचे बांध गाळाने भरतात.
• जमीन झाकणे : पिकांचे अवशेष न जाळता शेतातच ठेवावेत. ताग, धैंचा ही हिरवळीची पिके गाडावीत. काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय कर्ब नव्हे. अनेक काळ्या जमिनींत तो कमीच असतो.

धरणातील गाळाचे काय?

राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना राबवली जाते. तलावातील गाळ म्हणजे बहुतांशी शेतांतून वाहून आलेली मातीच. ती परत शेतात नेण्यासाठी यंत्र, डिझेल आणि वाहतुकीचा खर्च येतो. त्यापेक्षा पेरणीची दिशा बदलणे आणि बांध दुरुस्त करणे स्वस्त पडते. मात्र हे काम पावसाळ्याआधी व्हायला हवे.