गादी सरकली म्हणजे ऑपरेशनच का?

कंबर धरून चालणारी माणसे आमच्या वस्तीत कमी नाहीत. कुणी हमाली करतो, कुणी दिवसभर वाकून झाडू मारते. कळ ढुंगणातून पोटरीपर्यंत उतरली की शेजारी सांगतात, 'गादी सरकली, आता ऑपरेशन.' आम्हीही एकदा हे ऐकून घाबरलो होतो.

खरे तर गादी सरकत नाही. दोन मणक्यांमधल्या गादीचे कवच फाटते, आतला मऊ गर बाहेर येऊन नस दाबतो. हा गर शरीर पुष्कळदा आपणच शोषून घेते. त्यामुळे बहुतेकांचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. एक-दोन दिवस विश्रांती, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, मग हळूहळू चालणे व शिकवलेले व्यायाम. महिनाभर खाटेवर पडून स्नायूच दुबळे होतात.

कळ दीड-दोन महिने हटलीच नाही तर ऑपरेशनचा विचार करावा. त्याने पाय लवकर मोकळा होतो. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात लगेच ऑपरेशन केलेले आणि थांबून पाहिलेले, दोन्ही रुग्ण वर्षाअखेर जवळजवळ सारखेच बरे झालेले आढळले.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत बधिरता आली, पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठा. पाठीवर पाय देणाऱ्याकडे रात्र घालवू नका. उशीर झाला तर हे नुकसान कायमचे राहू शकते.

हमालाला तेवढे आठवडे हलके काम कोण देणार, हा प्रश्न उरतोच. निदान घरचे हंडे तरी मुलांनी उचलावेत.