‘तो मी नव्हेच’ आणि ‘पाठलाग’ : एकाकीपण, पैसा आणि विवाहाचा पुरावा

प्रस्तावना

मराठी समीक्षेने रहस्यप्रधान कलाकृतींचा विचार बहुधा करमणुकीच्या अंगाने केला आहे. रहस्य उलगडले की कलाकृतीचे प्रयोजन संपले, असा एक समज रूढ आहे. या समजाला छेद देणाऱ्या दोन कलाकृती साठच्या दशकात अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने लोकांसमोर आल्या. आचार्य प्र. के. अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ हे नाटक १९६२ मध्ये रंगभूमीवर आले आणि राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ हा चित्रपट १९६४ मध्ये प्रदर्शित झाला. या दोहोंमध्ये ‘खून कोणी केला?’ हा रहस्यकथेतील नेहमीचा प्रश्न नाही. समोर उभी असलेली व्यक्ती नात्याने आपली कोण, हा त्यांतील प्रश्न आहे आणि तो न्यायालयात विचारला जातो. नाटकातील पुरुष म्हणतो, मी तुमचा पती नव्हे. चित्रपटातील स्त्री म्हणते, मीच तुमची पत्नी. विवाहासारखे निकटचे नाते सिद्ध करण्यासाठी त्या काळच्या समाजाकडे पुरावा म्हणून काय होते, याचा शोध या दोन कलाकृतींच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अल्प साधने आणि एकाच देहातील अनेक माणसे

रहस्यपटाला मोठा खर्च लागतोच असे नाही. न्यायालयाचे दृश्य उभे करण्यास चार भिंती, एक पिंजरा आणि बोलणारी माणसे पुरतात. ‘पाठलाग’ हा कृष्णधवल चित्रपट होता. त्याच कथेवर राज खोसला यांनी १९६६ मध्ये ‘मेरा साया’ हा हिंदी चित्रपट काढला, तो रंगीत होता आणि त्याला उदयपूरच्या राजवाड्यांची पार्श्वभूमी लाभली होती. मराठी चित्रपटाने मात्र आपली भिस्त कथानकावर आणि एकाच अभिनेत्रीच्या दुहेरी भूमिकेवर ठेवली.

ही युक्ती मराठी मुलखाला नवी नव्हती. तिचे मूळ नाशिकपर्यंत नेऊन भिडवता येते. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) नंतर आपले चित्रनिर्मितीचे काम नाशिकला हलविले. त्या काळी चित्रपटात काम करण्यास स्त्रिया धजत नसत. फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पती आणि पत्नी एकाच देहात पाहण्याची सवय प्रेक्षकाला अशी गरजेपोटी लागली. पुढे अत्रे आणि परांजपे यांनी या गरजेचेच रहस्य केले. ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकर यांनी पाच रूपे साकारली, तर ‘पाठलाग’मध्ये भावना यांनी दोन. येथे एकच चेहरा दोनदा दिसतो, हीच कथेची मूळ अडचण आहे.

‘तो मी नव्हेच’ : विश्वासाचा व्यापार

माधव काझी याच्यावरील गाजलेल्या खटल्याचा या नाटकाला आधार आहे. मो. ग. रांगणेकर यांच्या ‘नाट्यनिकेतन’ने ते रंगभूमीवर आणले आणि त्याचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्ली येथे झाला. आरोपी स्वतःला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे म्हणवितो. साक्षीदार मात्र त्याला दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री दातार अशा निरनिराळ्या नावांनी ओळखतात. साक्षीदाराने बोलू लागावे, फिरता रंगमंच फिरावा आणि साक्षीतील घटना समोर घडू लागावी, अशी या नाटकाची रचना आहे. त्यामुळे प्रेक्षक न्यायाधीशाच्या पुढे असतो. त्याने गुन्हा डोळ्यांनी पाहिलेला असतो. न्यायालयाला मात्र तो सिद्ध करून हवा असतो.

निपाणीची निवडही अर्थपूर्ण ठरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजीच्या राज्यपुनर्रचनेत हे मराठीभाषक गाव म्हैसूर राज्यात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अग्रभागी असलेल्या अत्र्यांना ही वेदना परिचित होती. कानडी वळणाची मराठी बोलणारा, दोन प्रांतांच्या सीमेवरचा साधाभोळा व्यापारी हा सोंग घेण्यास फार सोयीचा मुखवटा आहे. पुण्या-मुंबईच्या साक्षीदारांनी वर्णन केलेला सुशिक्षित, रुबाबदार जावई आणि हा गावंढळ माणूस एकच, हे पटणे भाषेमुळेच अवघड होते.

तथापि नाटकाचे खरे रहस्य लखोबा कोण हे नाही. ते प्रेक्षकाला लवकरच कळते. सुशिक्षित कुटुंबांनी आपली मुलगी आणि पैसा एका अनोळखी माणसाच्या हाती इतक्या सहज कसा दिला, हे खरे रहस्य होय. त्याचे उत्तर आरोपीच्या चातुर्यात जेवढे आहे, तेवढेच फसलेल्यांच्या परिस्थितीत आहे. लग्नाचे वय उलटत चालल्याची धास्ती, नातलगांचे टोमणे आणि जन्मभर एकटे राहण्याची भीती यांनी चौकशीची जागा घेतली. चांगले आडनाव आणि मोठा हुद्दा हीच पुरेशी हमी मानली गेली. हुंडा प्रतिबंधक अधिनियम १ जुलै १९६१ पासून अमलात आला होता. पण लग्नाच्या बोलणीत पैसा येणे हे कोणाला संशयास्पद वाटत नव्हते. भामट्याने पैसे मागितले तेव्हा तो इतर वरांहून वेगळे काही करीत नव्हता, हेच त्याचे कवच होते.

‘पाठलाग’ : दुःखाचा अविश्वास

जयंत देवकर यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर ‘पाठलाग’ आधारलेला आहे. १९६४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला मराठी चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. काशिनाथ घाणेकर यांनी रंगविलेल्या वकिलाची पत्नी मरण पावते. तिचे अंत्यसंस्कार होतात. त्यानंतर गुन्हेगारांच्या टोळीतील म्हणून पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. दोघांनाच ठाऊक असलेल्या खाजगी आठवणी ती भर न्यायालयात सांगू लागते.

येथे पैशाला दुय्यम स्थान आहे. केंद्रस्थानी आहे तो विधुराचा एकाकीपणा. वरवर पाहता अशा माणसाने पत्नी परत आल्याचे ऐकून आनंदाने विश्वास ठेवावयास हवा. प्रत्यक्षात तो विश्वास ठेवू शकत नाही. ज्या मृत्यूचा शोक त्याने केला, तो खोटा ठरणे त्याला सोसत नाही. शिवाय समोरची स्त्री ठग असेल, तर पुन्हा फसण्याचे दुःख अधिक असते. रहस्याचा उलगडा जुळ्या बहिणींच्या मार्गाने होतो आणि ती स्त्री खरीच पत्नी ठरते. ‘तो मी नव्हेच’मध्ये एकटेपणाच्या भीतीने विश्वास फार लवकर बसतो; ‘पाठलाग’मध्ये एकटेपणाच्या दुःखाने तो बसतच नाही. दोन्हीकडे निर्णय पुराव्यापूर्वीच मनात झालेला असतो.

पुराव्याचा प्रश्न आणि कायदा

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ अन्वये पहिला जोडीदार हयात असताना केलेला दुसरा विवाह शून्य ठरतो, तर भारतीय दंड संहितेच्या कलम ४९४ नुसार तो गुन्हा होता. पहिला विवाह लपवून दुसरा केल्यास कलम ४९५ नुसार दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. (१ जुलै २०२४ पासून हे दोन्ही गुन्हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आले आहेत.) परंतु १९६५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, दुसरा विवाह आवश्यक धार्मिक विधींनी झाल्याचे सिद्ध झाले नाही, तर द्विभार्याप्रतिबंधाचा गुन्हाही सिद्ध होत नाही. आरोपीची शिक्षा रद्द झाली. योगायोग असा की, त्याचेही आडनाव लोखंडे होते.

या निकालाच्या प्रकाशात नाटकाचा शेवट अधिक अस्वस्थ करतो. विधी अपुरा असेल तर पुरुष सुटतो. विधी पुरा असेल तर तो दोषी ठरतो, पण विवाह शून्य असल्याने स्त्री पत्नी ठरत नाही. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील पोटगी नाकारली होती. पहिले लग्न लपवून फसविणाऱ्या पुरुषाला स्वतःच्याच लबाडीचा लाभ घेऊ देता येणार नाही आणि पोटगीपुरते अशा स्त्रीला पत्नी मानावे, ही भूमिका न्यायालयाने २०१३ मध्ये घेतली. दरम्यान महाराष्ट्राने १९९८ मध्ये विवाह मंडळांचे विनियमन व विवाहनोंदणी यांसाठी कायदा केला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले.

समारोप

नोंदणीचा दाखला विवाह झाल्याचे सांगतो. वर खरा कोण, हे तो पूर्णपणे सांगू शकत नाही. स्थळे सुचविणाऱ्या संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाला २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, यावरून लखोबाने नवे माध्यम शोधल्याचे स्पष्ट होते. मात्र कायदा फसवणुकीनंतर येतो. फसवणुकीपूर्वी घरात जे घडते, म्हणजे मुलीच्या एकटेपणाची कुटुंबाला वाटणारी लाज आणि त्या लाजेपोटी टाळलेली चौकशी, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. ती या दोन कलाकृतींनी केली आहे. ‘तो मी नव्हेच’मध्ये आरोपी साक्षीदारांना ओळखण्यास नकार देतो. त्या साक्षीदार स्त्रिया न्यायालयाबाहेर पडल्यावर समाज त्यांना कोणत्या नात्याने ओळखणार होता, हा प्रश्न निकालानंतरही शिल्लक राहतो.