रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंय

दहावीचं वर्ष लागलं की घराघरांत काही वाक्यं हमखास ऐकू येतात. ती एकदा तपासून पाहू.

गैरसमज : ‘सोनोग्राफीत काही निघालं नाही, म्हणजे नाटकं करतोय.’

वस्तुस्थिती : सगळ्यांत जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालते. ताण वाढला की आतड्यांची हालचाल बदलते. एरवी जाणवलीही नसती अशी संवेदना दुखू लागते. सोनोग्राफीत अवयवांची रचना दिसते, ही वाढलेली संवेदनशीलता दिसत नाही. अशा मनोकायिक दुखण्यात वेदना खरीच असते. शाळेच्या दिवशी दुखतं आणि रविवारी थांबतं, हा पालकांना खोटेपणाचा पुरावा वाटतो. डॉक्टरांना मात्र त्यातून ताणाचा माग लागतो.

पण सगळंच ताणाच्या नावावर खपवू नये. झोपेतून जागं करणारं दुखणं, घटणारं वजन, शौचातून रक्त, वारंवार ताप, सकाळी डोकेदुखीसोबत उलट्या – यांपैकी काही असेल तर तपासणी लांबवू नका.

गैरसमज : ‘दुखतंय ना, मग घरीच राहू दे.’

वस्तुस्थिती : गंभीर कारण नाही हे डॉक्टरांनी पाहिलं असेल, तर घरी बसवून दुखणं लांबतंच. बुडालेला अभ्यास साचतो आणि शाळेची धास्ती वाढते. सुरुवातीला अर्धा दिवस का होईना, शाळेत जाऊ द्या. आणि ‘आज दुखतंय का?’ हे दर तासाला विचारू नका.

गैरसमज : ‘यंदा दहावी, खेळ बंद.’

वस्तुस्थिती : ५ ते १७ वयोगटासाठी जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सुचवते. संघटनेच्याच २०१६ च्या आकडेवारीनुसार ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हालत नव्हती. मुलींत हे प्रमाण ८५ टक्के, मुलांत ७८. आपल्याकडे तर पी.टी.चा तास पोर्शन संपवायला हक्कानं मागून घेतला जातो! नियमित व्यायामानं झोप सुधारते, उदासी कमी होते आणि अभ्यासात लक्षही लागतं. पाळी सुरू झाली म्हणून मुलीचं मैदान सोडवण्यालाही वैद्यकीय आधार नाही. व्यायामानं अनेकींच्या कळा कमीच होतात.

गैरसमज : ‘जिमनं उंची खुंटते.’

वस्तुस्थिती : खुंटत नाही. जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, झेपेल तेवढंच वजन उचलावं.

गैरसमज : ‘रात्री जागतो, सकाळी लोळतो, आळशी आहे.’

वस्तुस्थिती : वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. मोबाइल त्यात भर घालतो, पण मूळ बदल शरीरातलाच आहे. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊनंतर भरवण्याचा आदेश निघाला, तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ज्यांचं शरीरच उशिरा झोपतं, ते नववी-दहावीवाले त्यातून सुटले, हे माझ्या मते उलटंच झालं.

ताण घरच्या घरी आवरत नसेल, तर ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.