मोटारीतील आवरणे स्वतः बदलताना : काय करावे, कोठे थांबावे

मोटारीच्या दरवाज्यांचे पॅड, खांबांवरील आवरणे, डॅशबोर्डच्या पट्ट्या आणि छताचे अस्तर हे भाग सर्वसाधारणपणे सजावटीचे मानले जातात. इंग्रजीत ज्यांना एकत्रितपणे ‘ट्रिम’ म्हटले जाते, असे यांतील बरेच भाग मोजक्या हत्यारांच्या साहाय्याने घरीही बदलता येतात. मात्र गेल्या काही वर्षांत भारतीय मोटारींमधील एअरबॅगची संख्या वाढली असून त्यामुळे काही आवरणे आता सुरक्षा यंत्रणेचाच भाग बनली आहेत. त्यामुळे आवरण कसे काढावे यासोबतच कोणत्या आवरणाला हात लावू नये, हे जाणून घेणे वाहनधारकांसाठी महत्त्वाचे ठरते.

काय बदलले?

भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींत चालकासाठी एअरबॅग बंधनकारक झाली. चालकाशेजारील प्रवाशासाठीची एअरबॅग नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची करण्यात आली, तर आधीपासून उत्पादनात असलेल्या मॉडेलांना डिसेंबर २०२१ अखेरपर्यंत मुदत देण्यात आली. सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ही सक्ती पुढे लागू झाली नाही. परंतु अनेक उत्पादकांनी कमी किमतीच्या मोटारींतही सहा एअरबॅग देण्यास सुरुवात केली.

या सहापैकी दोन एअरबॅग समोर, दोन पुढील आसनांच्या कडेला आणि दोन पडद्यासारख्या छताच्या कडेने घडी घालून बसवलेल्या असतात. म्हणजेच सहापैकी चार एअरबॅग वाहनधारक सहज बदलू पाहतो अशाच भागांच्या मागे असतात. वीस वर्षांपूर्वीच्या मोटारीत खांबावरील आवरण हे बहुधा केवळ प्लास्टिकचे झाकण होते. तीच समजूत आजच्या मोटारीला लागू करणे धोक्याचे आहे.

कामाची पूर्वतयारी

आवरणे काढण्यासाठी नायलॉनची चपटी हत्यारे मिळतात. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने कडा उचकटल्यास प्लास्टिकवर कायमचे व्रण उमटतात. लगतच्या भागावर कागदी चिकटपट्टी लावून ठेवल्यास ओरखडे टळतात. याशिवाय साधा व चांदणीच्या आकाराचा स्क्रूड्रायव्हर, १० मिलिमीटरचा पाना आणि स्क्रू वेगवेगळे ठेवण्यासाठी लहान डब्या एवढे साहित्य बहुतेक कामांना पुरते. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेऊन ठेवल्यास जोडणी सोपी होते.

काम सावलीत करावे. उत्तर भारतातील कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ होते व क्लिपा तुटतात. अशा वेळी केस वाळवण्याच्या यंत्राने तो भाग किंचित कोमट करून घ्यावा. भर उन्हात तापलेल्या मोटारीत आवरणे मऊ पडून वाकतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या मोटारींच्या डॅशबोर्डचे सरासरी तापमान सुमारे ६९ अंश सेल्सिअस आढळले होते. आवरण कोणत्या डिंकाने चिकटवावे याचा निर्णयही हे तापमान लक्षात घेऊनच करावा लागतो.

एअरबॅगच्या जवळपास काम असल्यास इग्निशन बंद करून प्रथम बॅटरीची ऋण जोडणी सोडवावी. मात्र बॅटरी वेगळी केल्यानंतरही एअरबॅगच्या नियंत्रकात काही काळ विद्युतभार साठून राहतो. अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी एअरबॅग उघडावी, यासाठीच ही योजना असते. त्यामुळे काही वेळ थांबणे अनिवार्य आहे. हा कालावधी उत्पादकानुसार ९० सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत असून संबंधित मोटारीच्या दुरुस्ती पुस्तिकेत तो दिलेला असतो. बॅटरी पुन्हा जोडल्यावर घड्याळ आणि एका स्पर्शाने वर जाणाऱ्या काचा नव्याने जुळवाव्या लागू शकतात. विद्युत व हायब्रिड मोटारींमध्ये नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना स्पर्श करू नये.

दरवाज्याचे पॅड

घरी काम शिकण्यासाठी दरवाज्याचे पॅड हा सर्वात योग्य भाग आहे. हे पॅड काही स्क्रू आणि कडेने बसवलेल्या क्लिपा यांच्या आधारे टिकून असते. स्क्रू सहसा दिसत नाहीत. दार ओढून घेण्याच्या खाचेत, आतील कडीच्या मागे किंवा बाहेरील आरशाजवळच्या त्रिकोणी झाकणाखाली ते शोधावे. सर्व स्क्रू निघाल्याची खात्री केल्यानंतरच खालच्या कोपऱ्यापासून पॅड हळूहळू सोडवावे आणि शेवटी वर उचलून काचेच्या फटीतून बाहेर काढावे. पॅड एकदम ओढल्यास काचेच्या बटणांच्या वायरी व कडीची केबल तुटू शकते. वायरींचे जोड त्यांची खिट्टी दाबून सोडवावेत, वायर धरून ओढू नयेत.

पॅडच्या मागे दरवाज्याच्या पत्र्यावर चिकटवलेला एक पातळ प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा आढळतो. अनेकदा तो निरुपयोगी समजून फाडला जातो. प्रत्यक्षात त्याचे काम मोलाचे आहे. काचेच्या कडेने पावसाचे पाणी दरवाज्याच्या पोकळीत उतरणे अपेक्षितच असते आणि ते तळाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडते. हे पाणी प्रवासी कक्षात येऊ न देण्याचे काम हा पडदा करतो. तो फाटला किंवा नीट चिकटवला नाही, तर पहिल्याच मोठ्या पावसात गालिचा भिजतो, कुबट वास येतो आणि पुढे खालचा पत्रा गंजू लागतो. काही मोटारींमध्ये बाजूने होणारी धडक ओळखणारा दाबमापक याच पोकळीत असतो. दरवाज्याचा पत्रा आत दबताच पोकळीतील हवेचा दाब वाढतो आणि त्यावरून तो धडक ओळखतो. पोकळी नीट बंद नसेल, तर या मोजमापावर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे मोठे स्पीकर बसवण्यासाठी पत्र्याला नवी छिद्रे पाडण्यापूर्वी पुस्तिका पाहणे आवश्यक आहे.

खांबांवरील आवरण : सर्वाधिक दक्षतेची जागा

समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या आणि दोन दारांमधील खांबांवर इंग्रजीत ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरे कोरलेली असल्यास त्यामागे किंवा त्याच्या वरच्या टोकाशी पडदा एअरबॅग असल्याचे समजावे. धडकेनंतर ही एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्यापूर्वीच उघडते. तेवढ्या वेळात खांबावरील आवरणाने ठरावीक प्रमाणातच बाजूला सरकून तिला वाट द्यावी लागते. आवरण सुटून वेगाने प्रवाशाच्या दिशेने फेकले जाऊ नये, यासाठी अनेक मोटारींत त्याच्या क्लिपांना प्लास्टिकची बंधनी असते. आवरण काढताना ही बंधनी ताणली जाते किंवा तुटते. म्हणूनच अनेक उत्पादक अशा क्लिपा एकदाच वापरण्याची सूचना देतात.

जुनी क्लिप पुन्हा दाबून बसवली, तर आवरण दिसायला पूर्वीसारखेच दिसते. ते डिंकाने पक्के चिकटवले, तर अधिकच घट्ट वाटते. या दोन्ही उपायांतील दोष प्रत्यक्ष अपघाताच्या वेळीच उघड होतो. सैल आवरण उडून प्रवाशाला इजा करू शकते, तर चिकटवलेले आवरण एअरबॅगची वाट अडवू शकते. डॅशबोर्ड कॅमेऱ्याची वायर खांबाच्या आवरणाखालून नेतानाही हीच काळजी घ्यावी लागते. वायर एअरबॅगच्या मागच्या बाजूने न्यावी, तिच्यासमोरून किंवा तिच्याभोवती गुंडाळून नेऊ नये.

एअरबॅगच्या वायरी व त्यांचे जोड बहुतांश मोटारींत पिवळ्या रंगाचे असतात. असा जोड दिसताच घरचे काम थांबवणे श्रेयस्कर ठरते. त्यावर मीटर लावून तपासणी करणे किंवा चाचणी दिवा जोडणे यामुळे एअरबॅग अनपेक्षितपणे उघडू शकते. जोड सुटलेला असताना इग्निशन सुरू केल्यास यंत्रणा दोषाची नोंद करते आणि इशारा दिवा पेटलेला राहतो.

आसने, डॅशबोर्ड आणि पायाखालची मॅट

आसनाच्या कडेला एअरबॅगची खूण असल्यास सरसकट मिळणारी जाड कव्हर त्यावर चढवू नयेत. ही एअरबॅग आसनाची ठरावीक शिवण उसवून बाहेर येते. मजबूत कव्हर तिला अडवू शकते किंवा तिची दिशा बदलू शकते. एअरबॅगसाठी कमकुवत शिवण ठेवलेली आणि त्याच मॉडेलसाठी तयार केलेली कव्हर वापरावीत. आसन बाहेर काढून काम करणेही टाळावे, कारण त्याखाली पिवळे जोड असतात.

डॅशबोर्डवर देवाची मूर्ती, सुगंधाची बाटली किंवा जाड आच्छादन ठेवण्याची पद्धत देशभर आढळते. प्रवाशासमोरच्या एअरबॅगचे झाकण डॅशबोर्डच्या पृष्ठभागातच असते आणि त्यावर चिकटवलेली टणक वस्तू एअरबॅग उघडताना प्रवाशाच्या दिशेने फेकली जाते. मूर्ती ठेवायचीच असल्यास ती या झाकणापासून दूर, दृष्टी अडणार नाही अशा ठिकाणी लहान आकाराची असावी. या झाकणावर रंग किंवा चिकट कागदही लावू नये.

सर्वात साधा वाटणारा बदल म्हणजे पायाखालची मॅट. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगोजवळ एका लेक्सस मोटारीला झालेल्या अपघातात चार जणांचा मृत्यू झाला. त्या मोटारीत दुसऱ्या मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती आणि तिच्यात ॲक्सिलरेटरचे पेडल अडकले होते. त्यानंतर टोयोटा कंपनीने मॅटच्या कारणावरून सुमारे ३८ लाख मोटारींसंदर्भात अमेरिकेत सूचना जारी केली. चालकाच्या बाजूची मॅट मूळ आकड्यांत अडकणारी असावी आणि एकीवर दुसरी मॅट टाकू नये, हा धडा या घटनेतून मिळाला.

छताचे अस्तर आणि डिंकाची निवड

जुन्या मोटारींत छताचे कापड फुग्यासारखे खाली लोंबू लागते. कापडामागील पॉलियुरेथेन फोम उष्णतेने व दमटपणाने भुगा होतो, हे त्याचे कारण आहे. म्हणूनच मुंबई, कोलकाता, चेन्नई यांसारख्या किनारी हवामानाच्या शहरांत हा दोष अधिक जाणवतो. कापडाला टाचण्या टोचणे किंवा वरून डिंक लावणे हा तात्पुरता उपाय ठरतो, कारण डिंक भुग्याला चिकटतो, तक्त्याला नव्हे. तक्ता खाली उतरवून जुना फोम पूर्ण खरवडणे आणि उच्च तापमान सहन करणाऱ्या फवारा डिंकाने नवे फोमयुक्त कापड लावणे, ही योग्य पद्धत आहे. पडदा एअरबॅग असलेल्या मोटारीत मात्र हा तक्ता घरी उतरवू नये.

तुटलेले प्लास्टिक जोडण्यापूर्वी त्याच्या मागील बाजूवरील अक्षरे वाचावीत. ‘एबीएस’ असे लिहिलेले प्लास्टिक योग्य डिंकाने चांगले जोडले जाते. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याला नेहमीचा डिंक धरत नाही. ‘पीपी-टी२०’ याचा अर्थ त्यात २० टक्के टाल्क मिसळलेले आहे. असे आवरण सांधण्याऐवजी बदलणेच किफायतशीर ठरते.

सुटे भाग घेताना

दिल्लीतील काश्मिरी गेट, बेंगळुरूचा जे. सी. रोड, चेन्नईतील पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार आणि मुंबईतील कुर्ला येथील बाजारांत मोटारींचे सुटे भाग मिळतात. मोटारीचा १७ अक्षरांचा चॅसिस क्रमांक अधिकृत विक्रेत्याला दिल्यास नेमका भाग क्रमांक कळतो व चुकीची खरेदी टळते. परदेशातून मागवलेले आवरण डाव्या बाजूच्या स्टीअरिंगसाठी असू शकते, याचाही विचार करावा.

जुन्या मोटारीतून काढलेले दाराचे पॅड वा पट्टी वापरण्यास हरकत नाही. मात्र एअरबॅग, सीट बेल्ट आणि त्यांच्या क्लिपा जुन्या बाजारातून घेऊ नयेत. आतील कापड व फोम आगीत किती वेगाने जळावे, यावरही मर्यादा आहेत. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या नियमानुसार हा वेग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. भारतातही यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. घरगुती पडद्याचे कापड किंवा गादीचा फोम या कसोटीवर तपासलेला नसतो. म्हणून मोटारीसाठीच तयार केलेले साहित्य घ्यावे.

थोडक्यात, दाराचे पॅड, मधल्या भागातील पट्ट्या, सामानकक्षाची आवरणे आणि मॅट हे भाग वाहनधारक काळजीपूर्वक स्वतः बदलू शकतात. दाराच्या पॅडमध्ये एअरबॅगची खूण नाही, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे. ‘एसआरएस’ ही अक्षरे किंवा पिवळा जोड दिसेल तेथे प्रशिक्षित मेकॅनिकची मदत घ्यावी. काम पूर्ण झाल्यावर बॅटरी जोडून इग्निशन सुरू करावे. एअरबॅगचा इशारा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला किंवा मुळीच पेटला नाही, तर तपासणी होईपर्यंत मोटार रस्त्यावर आणू नये.