प्रकाश-तलवारीचे रंग
रंग बदलणाऱ्या, बॅटरीवरच्या खेळण्यातल्या तलवारीत प्रत्येक रंगाचा वेगळा दिवा असतो, असा समज आहे. प्रत्यक्षात लाल, हिरवा आणि निळा असे तीनच प्रकारचे एलईडी (वीज वाहताच उजळणारे अर्धवाहक दिवे) पुरतात. नाशिकच्या रंगपंचमीत एखाद्या रहाडीत (रंगीत पाण्याच्या हौदात) लाल आणि हिरवा रंग एकत्र कालवला तर पाणी मळकट तपकिरी होईल. प्रकाशात मात्र हेच दोन मिळून पिवळा दिसतो. रंगद्रव्य प्रकाश शोषते, दिवा त्यात भर घालतो. प्रत्येक दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून त्याचे तेज ठरवले जाते. ही उघडझाप डोळ्याला कळत नाही. प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या तर सुमारे १.६८ कोटी छटा होतात, त्यातल्या बहुतेक जाहिरातीपुरत्याच. काळा प्रकाश मात्र पाडता येत नाही.